पहिली बादली

आमच्या घरावर सोलर बसला त्या दिवशी सासऱ्यांनी त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि वर सोलापुरी चादर पांघरली. सोलर बसवायला आलेल्या माणसानं चादरीचा हा विधी पाहिला नाही, तो तोवर चहा पिऊन गेला होता. आमच्या घरात नवी वस्तू आली की ती आधी झाकतात, मग वापरतात. फ्रिजवर चादर, टीव्हीवर चादर, शिलाई मशिनवर चादर, आणि स्कूटर तर अशी गुंडाळलेली की तिला थंडीताप आलाय असं वाटावं. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या गल्लीत उन्हाळ्यात माणसं उघडी झोपतात आणि वस्तू पांघरूण घेऊन. तेव्हा इतक्या हौसेनं आणलेल्या काळ्या काचेच्या नळ्या धुळीत आणि शेजाऱ्यांच्या नजरेत तशाच सोडायच्या, हे सासऱ्यांना पटणारं नव्हतं.

दोन दिवस पाणी गार आलं. कंपनीत फोन गेला. तो माणूस परत आला, गच्चीवर चढला आणि चादरीचं एक टोक हातात धरून बराच वेळ नुसता उभा राहिला.

"काका, नळ्यांना ऊन लागाय पायजे की."

"लागतंय की. चादर पातळच हाय," सासरे म्हणाले.

शेवटी तडजोड झाली. नळ्या उघड्या राहिल्या आणि वरची गोल टाकी तेवढी चादरीत राहिली. मी जिन्यात बसून पोट धरून हसले. मी शाळेत विज्ञान शिकवते. सोलरला पांघरूण घालणारं घर मला मिळालं, ही गोष्ट मी स्टाफरूममध्ये रंगवून सांगितली आणि सगळ्या बाई हसून हसून थकल्या. सोलरच्या नावानं मी मनापासून हसले ते तेवढंच. पुढचे तीन हिवाळे हसायचं काम बाकीच्यांनी केलं.

खरं तर सोलर कुठं बसवायचा हे ठरवताना ऊन हा विषयच निघाला नव्हता. सोलापुरात उन्हाचा विचार कोण करतो? विषय होता गल्लीचा. आमचं बाथरूम घराच्या पार मागं. त्याच्या डोक्यावरची गच्ची मोकळी, दिवसभर ऊन, आणि तो माणूस सोलर तिथंच बसवू म्हणत होता. पण मागं बसवला तर तो दिसणार कुणाला? मागच्या घरातल्या म्हातारीला, आणि तिला मोतीबिंदू. सासऱ्यांनी तो पुढच्या कोपऱ्यात, गल्लीच्या अगदी तोंडावर बसवून घेतला. वाण्याच्या दुकानात आलेल्या माणसानं मान वर केली तर आधी आमचा सोलर दिसावा आणि मग आभाळ, असा हिशोब होता.

आता पुढचं पाणी मागं न्यायचं तर सरळ वाट देवघराच्या भिंतीतून जात होती. तिथं सासूबाई आडव्या आल्या. "देवघराच्या भितीला छिन्नी लागणार न्हाय. पायजे तर सोलर परत न्या." मग पाइप निघाला तो गच्चीच्या एका कडेनं गेला, दुसऱ्या कडेनं वळला, देवघराला अख्खी प्रदक्षिणा घातली, जिन्याच्या भिंतीवरून खाली उतरला, स्वयंपाकघराच्या बाहेरून फिरला आणि दमूनभागून एकदाचा बाथरूमला टेकला. पाणी जोरात यावं म्हणून सासऱ्यांनी पाइपही चांगला जाडजूड निवडला होता. निघताना तो माणूस म्हणाला, "एवढा लांब पाइप हाय काका, सकाळी आदी बादलीभर गार येईल. ते सोडून द्यायचं, मग कडक पाणी येतंय."

"व्हय, व्हय," सासरे म्हणाले. न ऐकलेल्या गोष्टीला माणूस जसा व्हय म्हणतो, तसं.

ती गार बादली माझ्या वाट्याला आली. कुणी तशी वाटणी केली नाही. आमच्या घरात आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. सासूबाईंचं माहेर दुधनीचं, त्या निम्मं कानडी बोलतात, आणि या शिवताशिवतीला त्या मडी म्हणतात. माझी शाळा सकाळची. म्हणजे चहा, डबा, भाकरी यासाठी घरात सगळ्यांत आधी आंघोळ करायची ती मी. रात्रभर थंडीत पडलेल्या त्या प्रदक्षिणेतलं सगळं गार पाणी पहाटे माझ्या बादलीत यायचं. माझी बादली भरता भरता पाइप कुठं तापायचा, आणि मी बाहेर आले की सासरे आत जायचे. आतून त्यांचा आवाज यायचा, "अय्यो, काय बिसी नीरू हाय!" बिसी नीरू म्हणजे गरम पाणी. त्यांच्यानंतर सासूबाई. सगळ्यांत शेवटी माझा नवरा, आणि त्याला तर पाणी इतकं कडक लागायचं की तो निम्मी बादली गार मिसळायचा आणि वर तक्रार करायचा.

आता कुणीही शहाणा माणूस म्हणेल, बाई, ती पहिली बादली ओतून द्यायची आणि दुसरी भरायची. हे मलाही पहिल्याच दिवशी सुचलं होतं. पण आमच्या भागात नळाला पाणी येतं ते दिवसाआड नव्हे, चार-चार दिवसांआड. आलं की अख्खी गल्ली मोटारी लावून जागी असते. त्यामुळे माणशी एक बादली हा घरचा कायदा, आणि तो राबवायला सासऱ्यांची कॉट बाथरूमच्या भिंतीला लागून. झोपेतही त्यांचा एक कान नळावर. बादली भरल्यावर नळाचा आवाज थोडा जरी लांबला तरी भिंतीपलीकडून हाक यायची, "पाणी चाललंय गं!" घरात चोर शिरला तर ते उठणार नाहीत, पण दुसरी बादली त्यांच्या नकळत भरणं अशक्य होतं.

मी म्हटलं, ठीक आहे, ओतायचं नाही. पहिली बादली बाजूला ठेवू, भांड्यांना वापरू. सासूबाई म्हणाल्या, आंघोळीआधी भरलेलं पाणी पारोसं, ते भांड्यांना कसं चालेल? मग म्हटलं, सड्याला. गल्लीत आता सगळीकडे काँक्रीट, सड्याला तांब्याभर पाणी पुरतं. मग म्हटलं, संडासात ठेवू, तिथं तरी पारोसं चालेल की नाही? यावर सासरे असे दचकले, जणू मी त्यांच्या पूर्वजांबद्दल काही बोलले होते. सोलरचं पाणी म्हणजे सूर्यनारायणाचं पाणी. ते संडासात? त्या दिवशी दुपारपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. मला तो आरामच पडला.

गॅसवर पातेलं ठेवावं तर गॅस स्वयंपाकघरात, आणि आंघोळीआधी तिथं जायचं नाही. पाण्यात सोडायची विजेची कांडी आणावी तर, "सोलर असताना वीज जाळायची?" राहिला बंब. आमचा तांब्याचा बंब चांगला मोठा होता. मी त्यात तुराट्या घालून पहाटे पेटवायची, डोळ्यांत धूर जायचा, साडीला वास यायचा, पण पाणी मात्र माझ्या हातचं आणि मनासारखं कडक असायचं. सोलर आल्या आल्या सासऱ्यांनी तो बंब चिंच लावून लखलखीत घासून घेतला आणि पुढच्या खोलीत टीव्हीशेजारी मांडला. त्यात प्लास्टिकची सूर्यफुलं खोचली. मी एकदा म्हणाले, तो परत मागं नेऊ का? सासूबाई म्हणाल्या, "लोक काय म्हणतील? दारावर सोलर आणि घरात धूर?"

एवढं सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण गार पाणी अंगावर पडलं की मला पित्त उठतं. लहानपणापासूनची खोड आहे. दंडावर, पोटावर, मांड्यांवर लाल चट्टे, आणि अशी खाज की माणसाला रडू यावं. डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, गार पाणी टाळा. मला या सोलरकडून आणखी काही नको होतं. बादलीभर ऊन पाणी हवं होतं, तेही फक्त हिवाळ्यात. डिसेंबर उजाडला की मी आंघोळ करून बाहेर यायची ती दात वाजवत आणि दंड खाजवत. तशीच भाकरी थापायची. तशीच शाळेत जायची आणि फळ्याकडे तोंड करून पोट खाजवायची, म्हणजे मुलांना दिसू नये.

घरात माझ्या पित्ताची चर्चा भरपूर झाली. एक दिवस सासूबाईंनी माझा दंड उजेडात धरून नीट पाहिला आणि निदान केलं, "उष्णता झालीय तुला. सोलरचं पाणी लई कडक असतंय. जरा गार मिसळून घेत जा की." त्यांनी आमसुलाचं पाणी करून आणलं, माझ्या दंडाला लावलं, वर सब्जा भिजवून प्यायला दिला. डिसेंबरात सब्जा! मी म्हटलं, "अव्वा, मला गार पाणी येतं. रोज. पहिली बादली गारच येते." त्या म्हणाल्या, "असं कसं? ह्यांना तर चटका बसतोय." आणि उठून गेल्या.

नवऱ्याला मी निदान शंभरदा सांगितलं असेल. तो बँकेत आहे, कुठल्याही अर्जाला नाही म्हणत नाही आणि कुठलाही मंजूर करत नाही. "बघू," म्हणायचा. मी म्हणायची, बघू काय, पहाटे माझ्याबरोबर ऊठ आणि बादलीत हात घाल. तो म्हणायचा, उद्या. असे बरेच उद्या गेले. शेवटी एका पहाटे मी त्याचं पांघरूण ओढून काढलं, त्याला बाथरूमपर्यंत चालवत नेलं आणि नळ सोडला. त्यानं झोपेतच बादलीत हात घातला आणि ओरडला. हात भाजला होता. झालं असं होतं की दुधनीहून सासूबाईंचे भाऊ मुक्कामाला आले होते, आणि त्यांना सकाळची पहिली गाडी गाठायची म्हणून ते माझ्याही आधी गुपचूप आंघोळ करून गेले होते. माझी गार बादली त्यांनी अंगावर घेतली होती. नवरा हातावर फुंकर मारत मला म्हणाला, "याला तू गार म्हणतेस?" त्यानंतर या विषयावर घरात माझं म्हणणं ऐकून घेण्याचं कुणालाच कारण उरलं नाही. ते मामा मात्र फार सज्जन, गार पाण्याबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. पाहुण्यानं बोलायचं नसतं, हे त्यांना कळत होतं आणि माझ्या घरच्यांना मीही पाहुणीच वाटत असावे.

पाहुण्यांचं सोलरप्रेम हा एक वेगळाच उच्छाद होता. आधी आमच्याकडे माणूस आला की त्याला चहा विचारायचे. आता सासरे आंघोळ विचारायला लागले. "आलाच हायसा तर आंगोळ करून जा की, सोलरचं पाणी हाय." एप्रिलमध्ये भर दुपारी, बाहेर मोठ्या रस्त्यावर डांबर पातळ झालेलं असताना, माणसं आमच्या बाथरूममध्ये उकळत्या पाण्यानं न्हात होती आणि लालेलाल होऊन बाहेर येऊन वाऱ्याला बसत होती. त्या दिवसांत सोलापुरात कुठलाही नळ सोडला तरी चटका बसतो, त्यासाठी सोलर लागत नाही, पण हे सांगण्याचं धाडस कुणाला झालं नाही. पाहुण्यांसाठी माणशी एक बादलीचा कायदा लागू नव्हता. दारातून निघताना सासरे त्यांना वर बोट दाखवून समजावून सांगत, की हाच सोलर पुढंमागं वीजसुद्धा करणार.

"मग लाईट गेल्यावर ह्याच्यावर चालंल?" एकानं विचारलं.

"चालंल की," सासरे बिनधास्त म्हणाले. पुढं जेव्हा जेव्हा लाईट गेली तेव्हा ते एकदा तरी सोलरकडे आशेनं बघायचे.

त्यांची चूक मी दुरुस्त केली नाही. हा धडा मी वर्गात दरवर्षी घेते. आमच्या गच्चीवर आहे तो नुसता पाणी तापवतो. नळीतलं पाणी ऊन झालं की हलकं होऊन वर टाकीत चढतं, गार जड पाणी खाली येतं, आणि हे चक्र आपोआप फिरत राहतं. तेच ऊन मोठाल्या आरशांनी एका जागी गोळा केलं की पाण्याची वाफ होते, वाफेच्या जोरावर यंत्र फिरतं आणि वीज तयार होते. सगळं मी फळ्यावर छान काढून दाखवते. सूर्य पिवळ्या खडूनं, वाफ पांढऱ्या. मग विचारते, सौरऊर्जेचा घरात काय उपयोग? अख्खा वर्ग एका सुरात ओरडतो, "आंघोळीला गरम पाणी!" मी म्हणते, शाब्बास. आणि फळ्याकडे वळून दंड खाजवते.

मला राग यायचा, फार राग यायचा. पण तो कुणावर काढावा हे कळायचं नाही. सोलर उत्तम होता. ऊन भरपूर होतं. घरातली माणसं वाईट नव्हती, मला कुणी कधी टाकून बोललं नाही. नुसतं माझ्या आधी त्या नळाखाली कुणी उभं राहत नव्हतं, त्यामुळे मी सांगते ते घरातल्या कुणाच्याच अंगावर कधी पडलं नव्हतं. माहेरी जायची मी उन्हाळ्याच्या सुटीत. तेव्हा टाकीतलं, पाइपमधलं, माठातलं, सगळंच पाणी तापलेलं, त्यामुळे माझ्या माघारी सासूबाई सगळ्यांत आधी न्हायल्या तरी त्यांना काही कळायचं कारण नव्हतं.

मागच्या जानेवारीत मात्र माळशिरसहून भावाचा फोन आला. आई घसरून पडली होती, पाय प्लास्टरमध्ये. मी रजा टाकून गेले. तिथं सकाळी वहिनीनं उसाच्या पाचटावर पाणी तापवून माझ्यापुढं बादली ठेवली आणि म्हणाली, "वन्सं, लई कडक न्हाय ना?" मी त्या बादलीत नुसता हात घालून बसले. किती दिवसांनी हिवाळ्यात अंगाला ऊन पाणी लागत होतं! दोन दिवसांत माझं पित्त गेलं. आई खाटेवर पडल्या पडल्या भेटायला येणाऱ्या बायकांना सांगत होती, "माज्या लेकीकडं सोलर हाय. नळ सोडला की ऊन पानी. तिला कुटं आता धुरात बसाय लागतंय?" बायका माझ्याकडे कौतुकानं बघत होत्या. मी आईला खोटं पाडलं नाही. पण त्या बघण्यानं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एका सकाळी नवऱ्याचा फोन आला.

"सोलर बिघडलाय."

"काय झालं?"

"सकाळी गार पाणी येतंय. अव्वाला. बाकी आम्हाला सगळ्यांना नीट येतंय." हे वाक्य बोलून तो थांबला, पण आपण काय बोललो हे त्याला ऐकू आलेलं नव्हतं. "तो कंपनीचा माणूस दुपारी येऊन बघून गेला, तवा तर पाणी उकळत होतं. तू सकाळी काय करत होतीस? कुठला कॉक फिरवत होतीस का?"

"काही नाही."

"आठवून सांग की. काहीतरी करत असणार तू. तू असताना कधी असं झालं नाही."

"मी गार पाण्यानं आंघोळ करत होते," मी म्हणाले.

मला वाटलं, आता तरी कळेल. मग तो म्हणाला, "चेष्टा नको गं. अव्वा लई चिडलीय इकडं." मी फोन ठेवला. वहिनी विचारत होती काय झालं, आणि मला तिला सांगताही येईना, कारण मी एकाच वेळी हसत होते आणि रडत होते.

आईला वॉकरवर उभी राहिलेली बघून मी परत आले. दारातून आत शिरले तर घरभर सिमेंटची धूळ. टीव्हीवरची, फ्रिजवरची चादर पांढरी झालेली. देव फ्रिजवर मुक्कामाला होते, एका पाटावर, शेजारी स्टॅबिलायझर. आणि देवघराच्या भिंतीला, जिला छिन्नी लागणार नव्हती, त्या भिंतीला चांगलं हात जाईल एवढं भोक पाडून त्यातून नवा पाइप सरळ मागं गेलेला. कडेनं ओला गिलावा. प्रदक्षिणा कायमची बंद. सासूबाई दोन-तीन सकाळी गार पाण्यानं न्हायल्या होत्या, आणि तेवढ्यात देवानं परवानगी दिली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी नळ सोडला. तांब्याभर गार पाणी आलं आणि लगेच वाफा. मी पहिला तांब्या अंगावर घेतला आणि मला सुख वाटायच्या ऐवजी असा संताप आला की मी तशीच ओली बसून राहिले. एवढंच होतं तर? एक भोक? एका सकाळचं काम? भिंतीपलीकडून हाक आली, "पाणी चाललंय गं!" मी नळ बंद केला नाही. बादली भरून वाहिली तरी केला नाही. सासरे पुन्हा ओरडले नाहीत, बहुतेक त्यांना वाटलं मी आत पडले.

रविवारी शेजारचे काका नवा पाइप बघायला आले. सासरे त्यांना भोक दाखवत होते. "सूनबाईची सकाळची शाळा. तिला गार पाणी यायचं, अंगावर पित्त उठायचं. म्हटलं, देवाला काय वाटायचं ते वाटू दे, आदी पोरीची सोय." काका म्हणाले, "वा, वा. सासरा असावा तर असा." मी चहा घेऊन उभी होते. मी म्हणाले, "माझ्यासाठी नाही, अप्पा. अव्वांना गार आलं म्हणून. मला तर तीन हिवाळे गारच येत होतं, तेव्हा भिंत होती तशी होती." काकांनी चहाचा मोठा घोट घेतला, तोंड भाजलं आणि तरी हूं की चूं केलं नाही. सासरे सोलरकडे बघायला गच्चीवर गेले ते जेवायलाच खाली आले.

दुपारी सासूबाई गच्चीवर चटणीसाठी शेंगा फोडत बसल्या होत्या. मी जाऊन समोर बसले आणि शेंगा फोडायला लागले. खूप काही ठरवून गेले होते, पण तोंडातून एवढंच निघालं, "अव्वा, मी इतकं सांगत होते. तुम्हाला खोटं वाटलं?"

"खोटं कशाला वाटंल?" त्या मान वर न करता म्हणाल्या. "गार येतंय ते मला पहिल्या दिवसापास्नं ठाऊक हाय. तो माणूस जाताना बोलला, तवा मी तितंच हुते की."

मी हातातली शेंग खाली ठेवली. "मग ते आमसूल? सब्जा? उष्णता झालीय म्हणून सांगत होता ते?"

"कायतरी सांगावं लागतंयच की." त्यांनी मूठभर दाणे सुपात टाकले. "मी ह्या घरात आले तवा बंबसुदा नव्हता. चुलीला शिवायच्या आदी आंगोळ, मग पाणी तापवायचं कुणी? गारच न्हायले. थंडीत, ओल्या बाळंतपणात. माज्यासाटी कुणी भित फोडली न्हाय. म्हातारपणी आता सोसंना, म्हणून ओरडले."

मला त्यांची दया यायला हवी होती. आलीही थोडी. पण राग त्याहून मोठा होता आणि मी तो गिळला नाही. "माहीत होतं तर एकदा तरी बोलायचं होतं ना, अव्वा. एकदा."

त्यांनी प्रथमच वर पाहिलं. रविवार म्हणून नवरा आत्ता कुठं खाली आंघोळीला गेला होता, बादलीत गार पाणी मिसळल्याचा आवाज येत होता.

"बोलले असते," त्या म्हणाल्या, "तर ती बादली कुणाला गेली असती? त्याला? का ह्यांना?"